चार कोअरचा प्रोसेसर घातला, विंडोज दोनच दाखवतंय. कुठे चालू करायचे?

छापखानेवाला | मंगळवार, रात्री 11:40

नमस्कार मंडळी,

कराडला माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, देवस्थानच्या पावत्या असली कामं. दुकानातला मुख्य संगणक 2012 चा. एच 61 चिपसेटचा बोर्ड, पेंटियम जी 620, 4 जीबी रॅम, वर विंडोज 10, 64 बिट. नवा घ्यायला घरून मंजुरी नाही, म्हणून ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून जुना कोअर आय 5-3470 आणि आणखी 4 जीबी रॅम टाकून घेतली. त्याने जुना प्रोसेसर असतानाच बायोस (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, मग चिप बदलली. मशीन एका दमात सुरू झालं. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आता रडगाणं. टास्क मॅनेजरमध्ये नाव बरोबर येतंय, आय 5-3470. पण खाली कोअर्स 2, लॉजिकल प्रोसेसर्स 2. या चिपला चार असतात ना? रॅम 8 जीबी दिसते, पण वापरता येणारी 3.4 च. उरलेली 4.6 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'. कोणी रिझर्व्ह केली, मला विचारलं नाही.

तिसरं दुखणं सगळ्यात मोठं. पेजमेकर 7 (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) साठी मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, विंडोज एक्सपी ठेवलंय. वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने त्यातच आहेत, फॉण्टही जुने. परवापर्यंत ते चालत होतं. आता 'व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस' असं काहीतरी लांबलचक म्हणून बंद पडतं.

तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे रांग लागते. विंडोजमध्ये हे सगळं कुठे 'चालू' करायचं, कोणी सांगेल का? की चिपच खोटी आहे?

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री 11:52

फसवलं तुम्हाला. दोन कोअर काढून घेतले आणि रिकामं डबडं दिलं. जुन्या बाजारात असंच असतं.

अण्णा मिरजकर | बुधवार, सकाळी 6:15

रिकामटेकडे, चिपमधून कोअर काढून घ्यायला ती काय कणसातले दाणे आहेत? उगाच घाबरवू नका माणसाला.

छापखानेवाले, मी पंचवीस वर्षं हेच धंदे करतोय. रॅम कमी दिसली की माझा पहिला संशय सॉकेटवर. या पिढीत पिना चिपला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. चिप बसवताना एखादी वाकली की रॅमचा एक अख्खा चॅनेल गायब होतो. बायोसमध्ये जाऊन बघा, तिथे 8192 दिसतात की 4096? तिथेच कमी असली तर विंडोजशी भांडण्यात अर्थ नाही, दुरुस्तीवाल्याकडे परत जा. खोलून बघायची घाई करू नका. भिंग नसेल तर तुम्हीच आणखी दोन पिना वाकवाल.

कोअरकमिटी | बुधवार, सकाळी 9:30

अण्णांना +1. आधी बायोस.

छापखानेवाले, तुमचा प्रश्न 'विंडोजमध्ये कुठे चालू करायचं' असा आहे. पण नवी चिप घातल्यावर कुलूप नेमकं कोणाच्या हातात आहे हे आधी बघावं लागतं. बऱ्याच गोष्टींना कुलूपच नसतं. चिपमध्ये नव्या सूचना आल्या की प्रोग्राम सुरू होताना चिपला विचारतो, 'तुला हे येतं का?' आणि येत असेल तर वापरतो. काही गोष्टी मशीन सुरू होताना बायोस ठरवतं आणि वर शिक्का मारतं. मग विंडोजने कितीही डोकं आपटलं तरी तो शिक्का निघत नाही. व्हीटी-एक्स (इंटेलचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनमध्ये दुसरं चालवायची चिपची सोय) त्यातलं. आणि थोड्या गोष्टी खरोखर विंडोजच्या स्वतःच्या वहीत लिहिलेल्या असतात.

तुमची तीन दुखणी एकाच कारणाची असतील असं धरून चालू नका. बायोसमध्ये रॅम किती दिसते आणि 'ॲक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स' असा पर्याय असेल तर त्यावर काय आहे, एवढं बघून सांगा. त्या पर्यायावर 1, 2, 3 किंवा 'ऑल' असं असतं.

छापखानेवाला | बुधवार, दुपारी 1:10

जेवायच्या सुट्टीत बघितलं. बायोसमध्ये 8192 एमबी. दोन्ही पट्ट्या दिसतात. प्रोसेसरचं नाव बरोबर. 'ॲक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स: ऑल'. रॅमचा वेग आधी 1066 दिसायचा, आता 1333. तो मी काही न करता वाढला, हे कसं?

कोअरकमिटी | बुधवार, दुपारी 1:25

जी 620 ची धाव 1066 पर्यंतच होती. आय 5-3470 ला 1600 पर्यंत चालते. तुमच्या पट्ट्या 1333 च्या असणार, म्हणून तिथे थांबलं. कुलूप नसलेल्या गोष्टींचं हे उदाहरण.

म्हणजे पिना ठीक आहेत, चिपही खरी. अण्णा, संशयित सुटला.

अण्णा मिरजकर | बुधवार, दुपारी 2:40

सुटला. दुरुस्तीवाल्याची मनातल्या मनात माफी मागा.

टर्मिनलवेडा | बुधवार, संध्याकाळी 7:05

बायोस म्हणतं आठ आणि चार, विंडोज म्हणतं साडेतीन आणि दोन. दोघांच्या भांडणात तिसरा साक्षीदार बोलवा. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि इन्स्टॉल न करता 'लाइव्ह' सुरू करा. डिस्कला हात लागत नाही. टर्मिनल उघडून एलएससीपीयू अशी कमांड द्या (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थात इंग्रजीत टाइप करायची). 'सीपीयू' समोरचा आकडा बघा. मग रॅमसाठी फ्री, डॅश, एच.

तिथे चार आणि साडेसातच्या आसपास आलं, तर गुन्हेगार विंडोजच्या घरातच राहतो.

आणि एकदा लाइव्ह चालवलंच आहे, तर विंडोज काढूनच टाका ना कायमचं!

रिकामटेकडा | बुधवार, संध्याकाळी 7:09

आला. 'लिनक्स टाका' म्हणायला सात प्रतिसाद लागले, मागच्या धाग्यात तीन लागले होते.

छापखानेवाला | बुधवार, रात्री 10:48

पुतण्याला बसवून पेनड्राइव्ह केला. सीपीयू: 4. रॅम 7.6. आणि त्या यादीत 'व्हर्च्युअलायझेशन' अशी ओळच कुठे नाही.

म्हणजे विंडोजच लबाडी करतंय? फॉरमॅट मारू का? मारायचा असेल तर एक पूर्ण रविवार जाईल. फॉण्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅलीचा डेटा, सगळं नव्याने.

सोनचाफा | बुधवार, रात्री 11:30

थांबा, फॉरमॅट नको.

मी इथे म्युनिकमध्ये बसून तुमचे आकडे वाचतेय आणि एक गोष्ट खटकतेय. विंडोज तुम्हाला नेमके दोन कोअर देतंय, आणि रॅम नेमकी 4 जीबीच्या रेषेवर कापतंय. दोन आणि चार. हे तुमच्या जुन्या मशीनचे आकडे आहेत! बिघाड असा मोजून मापून येत नाही. कोणीतरी कधीतरी ते आकडे विंडोजच्या वहीत लिहून ठेवलेत.

विंडोजची खूण आणि आर एकदम दाबा, एमएसकॉन्फिग टाइप करा. 'बूट' टॅब, त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथे 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' आणि 'मॅक्झिमम मेमरी' असे दोन चौकोन आहेत. त्यांत बरोबरची खूण आहे का?

छापखानेवाला | गुरुवार, सकाळी 8:20

ताई, दंडवत!!

दोन्हींत खूण. पहिल्यात 2, दुसऱ्यात 4096.

आता आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी मशीन फार रखडायचं. तेव्हा 'संगणक दुप्पट वेगवान करा' असा एक व्हिडिओ बघून मीच त्या खुणा केल्या होत्या. त्यात सांगितलं होतं, सगळ्यात मोठा आकडा निवडा, म्हणजे विंडोज सगळी ताकद वापरतं. माझ्याकडे तेव्हा सगळ्यात मोठा 2 च होता.

दोन्ही खुणा काढल्या, मशीन पुन्हा सुरू केलं. कोअर्स 4. रॅम 7.9. चहा सांडला आनंदाने.

सोनचाफा | गुरुवार, दुपारी 12:15

तो व्हिडिओ सगळ्यांनी कधी ना कधी बघितलेला आहे. खूण नसते तेव्हा विंडोज जेवढे कोअर सापडतील तेवढे घेतं. खूण केली की ती मर्यादा होते, ताकद नाही. 'याच्यापुढे जाऊ नकोस' असं सांगणं आहे ते, आणि आहे ते चाचणीसाठी: आपला प्रोग्राम कमी कोअरच्या, कमी रॅमच्या मशीनवर कसा चालेल हे बघायला. जी 620 ला मुळात दोनच कोअर, म्हणून तुमचं नुकसान तेव्हा दिसलं नाही. रॅमचं मात्र तेव्हाही झालं असणार. 4096 ची मर्यादा पत्त्यांवर लागते, आणि 4 जीबीखालचे काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखलेले असतात. म्हणून तुमच्या हाती 3.4 च येत होती. तीन वर्षं तुम्ही अर्धा जीबी दान केलात.

कोणाला खिडकीतून न करता कमांडने बघायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसतं बीसीडीएडिट टाइप करा. यादीत 'नमप्रॉक' किंवा 'ट्रंकेटमेमरी' दिसलं तर तीच ही वही.

अण्णा मिरजकर | गुरुवार, दुपारी 3:00

म्युनिकच्या ताईंनी कराडचं मशीन दुरुस्त केलं आणि मी इथे मिरजेत सॉकेटच्या पिना मोजत बसलो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अवांतर: एक्सपीच्या काळात हे दुखणं वेगळ्या रूपात यायचं. एका कोअरच्या मशीनवर एक्सपी टाकलेलं असायचं. गिऱ्हाईक हौसेने दोन कोअरची चिप आणायचा. विंडोज आपलं एकच दाखवत बसायचं. डिव्हाइस मॅनेजरात 'कम्प्युटर'खाली बघितलं की 'एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी' लिहिलेलं. इन्स्टॉल करताना जो पाया घातला, त्यावरच इमारत. तिथला ड्रायव्हर बदलून 'मल्टिप्रोसेसर' करायचा आणि देवाचं नाव घेऊन रीस्टार्ट मारायचा. कधी उठायचं, कधी निळा पडदा. व्हिस्टापासून ही कटकट गेली, ते निदान एक चांगलं काम व्हिस्टाने केलं.

टर्मिनलवेडा | गुरुवार, संध्याकाळी 6:30

लिनक्समध्ये असलं काही होत नाही, असं लिहिणार होतो, पण प्रामाणिकपणे सांगतो, झालंय. माझ्यासोबतच.

कॉलेजात असताना एका हटवादी बोर्डावर डेबियन सुरूच होत नव्हतं. सिनिअरने ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत 'एसीपीआय = ऑफ' टाकून दिलं. चाललं. पुढे त्याच डिस्कसकट मी चांगल्या मशीनवर गेलो, चार कोअरच्या. एलएससीपीयू म्हणतं एक! दोन दिवस मी कर्नल (लिनक्सचा गाभा) पुन्हा टाकत होतो. एकाहून अधिक कोअर कुठे आहेत याची यादी आता बहुतेक मशीनवर कर्नलला एसीपीआयच्या, म्हणजे बायोसने हार्डवेअरबद्दल दिलेल्या, तक्त्यांमधूनच मिळते. तक्तेच बंद केल्यावर त्याला बिचाऱ्याला बाकीचे तीन कसे दिसणार?

तर लिनक्सवाल्यांनो, नवी चिप घातल्यावर प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल एकदा वाचा. मॅक्स-सीपीयूज, एनआर-सीपीयूज, नो-लॅपिक, नो-एसएमटी, एसीपीआय-ऑफ, यातलं काही जुनं तिथे चिकटून बसलंय का ते बघा. असेल तर ग्रबच्या फाइलमधून काढा आणि अपडेट-ग्रब चालवा.

सोनचाफा | गुरुवार, रात्री 9:10

ओपनबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या सिस्टिमीत याहून मजा. तिथे कर्नलच दोन असतात, एका प्रोसेसरसाठी बीएसडी आणि अनेकांसाठी बीएसडी डॉट एमपी. इन्स्टॉलर मशीन बघून योग्य तो बसवतो. पण नंतर चिप बदललीत तर एमपीवाला तुम्ही जागेवर आणून ठेवायचा. आणि हायपरथ्रेडिंगची (एका कोअरला दोन धागे असलेली) चिप घेतलीत तरी अर्धे धागे झोपलेलेच दिसतील. ते बिघडलेलं नाही, 2018 पासून त्यांनी मुद्दाम बंद ठेवलंय, सुरक्षेसाठी. हवं असेल तर एचडब्ल्यू डॉट एसएमटी ची किंमत 1 करायची, जबाबदारी आपली.

छापखानेवाला | गुरुवार, रात्री 10:30

तुमच्या गप्पा छान चालल्यात, पण माझं एक्सपी अजून उघडत नाहीये हो. आणि टास्क मॅनेजरात 'व्हर्च्युअलायझेशन: डिसेबल्ड'.

कोअरकमिटी | गुरुवार, रात्री 10:55

ते तुमचं तिसरं दुखणं, बायोसवालं. बायोस अपडेट झालं की सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातल्यासारख्या होतात, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर व्हर्च्युअलायझेशन मुळात बंद असतं. जी 620 लाही ते येत होतं. तुम्ही किंवा कोणीतरी ते पूर्वी चालू केलं असणार, अपडेटमध्ये ते पुसलं गेलं. पेनड्राइव्हवरच्या यादीत ती ओळ नव्हती, ती यामुळेच.

'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'सीपीयू कॉन्फिगरेशन' उघडा. 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' असेल, काही बोर्डांवर नुसतं 'व्हीटी-एक्स' किंवा 'व्हॅन्डरपूल'. (एएमडीवाल्यांनी 'एसव्हीएम मोड' शोधायचा.) 'एनेबल्ड' करा, सेव्ह करा. मग नुसतं रीस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करून, मागचं बटण काढून, दहा सेकंदांनी चालू करा. काही बोर्ड त्याशिवाय ऐकत नाहीत.

विंडोजमधून का होत नाही, याचं उत्तर: चिपमध्ये एक नोंदवही असते, क्रमांक 3ए. मशीन सुरू होताना बायोस त्यात व्हीटी-एक्स चालू की बंद ते लिहितं आणि शेजारच्या खान्यात 'कुलूप' लिहितं. एकदा ते लिहिलं की मशीन रीसेट होईपर्यंत कोणालाही ती ओळ बदलता येत नाही, विंडोजच्या गाभ्यालासुद्धा. हे मुद्दाम आहे. नाहीतर एखादा व्हायरस गुपचूप व्हर्च्युअलायझेशन चालू करून विंडोजच्याच खाली जाऊन बसेल.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं) वापरणाऱ्यांनी बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. छापखानेवाल्यांना गरज नाही बहुतेक.

खानदेशी | शुक्रवार, सकाळी 7:45

मधेच नाक खुपसतो. जळगावहून. आय 5-3470 चा मूळ वेग 3.2 आणि टर्बोत 3.6 पर्यंत जातो. टास्क मॅनेजरात वेग 3.2 च्या वर कधीच जात नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' बघा. 100 च्या जागी 99 असलं की टर्बो बंद. मी मे महिन्यात मुद्दाम 99 करतो. आमच्याकडे खोलीतच 44 असताना चिपला काय हौस, आणि मला काय.

अण्णा मिरजकर | शुक्रवार, सकाळी 8:05

आणि जुन्या 65 वॅटच्या पेंटियमचा पंखाच नव्या 77 वॅटवर बसवलाय का, तेही विचारा त्या दुरुस्तीवाल्याला. पेस्ट नवी लावली का? सुकलेल्या पेस्टवर चिप तापली की ती स्वतःच वेग उतरवते आणि लोक विंडोजला शिव्या देतात.

छापखानेवाला | शुक्रवार, दुपारी 4:30

पेस्ट नवी, पंखा जुनाच पण साफ केलेला. वेग 3.58 दिसला. टर्बो पास.

व्हर्च्युअलायझेशन चालू केलं. एक्सपी उघडलं!! पण इतकं हळू, की स्टार्ट बटण दाबून पान लावून यावं. पूर्वी दोन कोअरवर यापेक्षा पळायचं. आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत कोपऱ्यात एक हिरवं कासव आलंय. आधी नव्हतं. हे कासव म्हणजे काय? चिन्ह बघून तर ते माझी चेष्टा करतंय असं वाटतंय.

टर्मिनलवेडा | शुक्रवार, दुपारी 4:41

हाहाहा. कासव!

कोअरकमिटी | शुक्रवार, संध्याकाळी 5:20

कासव खरंच तेच सांगतंय. व्हर्च्युअलबॉक्सला व्हीटी-एक्स थेट मिळालं नाही, कारण विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारा गाभा) आधी येऊन त्यावर बसलाय. मग व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीच्या मध्यस्थीने चालतं, आणि एक्सपीसारख्या जुन्या पाहुण्याला ही मध्यस्थी फार जड जाते.

एक विचारतो, पुतण्या इंजिनिअरिंगला आहे का?

छापखानेवाला | शुक्रवार, संध्याकाळी 5:50

तुम्हाला कसं कळलं??? दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी इथे बसून अभ्यास करतो.

कोअरकमिटी | शुक्रवार, संध्याकाळी 6:15

अंदाज. त्याने अभ्यासासाठी विंडोजमधलं लिनक्स टाकलेलं असणार, डब्ल्यूएसएल 2. त्यासाठी 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' चालू करावं लागतं आणि त्याच्या पोटात हायपर-व्हीचाच गाभा आहे. विचारा त्याला.

दुसरी शक्यता, विंडोज सिक्युरिटीतलं 'कोअर आयसोलेशन', त्यातली 'मेमरी इंटिग्रिटी'. तीही तोच गाभा वापरते. ती चालू असेल तर बंद करायच्या आधी विचार करा, कारण ती खरोखर संरक्षण देते.

छापखानेवाला | शुक्रवार, रात्री 9:00

कबूल केलं. काल चार कोअर दिसल्यावर त्याने 'आता चालेल' म्हणून टाकलं आणि ते चालेना, आज व्हर्च्युअलायझेशन चालू झाल्यावर लगेच पुन्हा टाकलं. मी चहाला गेलो होतो तेवढ्यात. मेमरी इंटिग्रिटी बंदच आहे.

आता एकतर त्याचा अभ्यास नाहीतर माझ्या पत्रिका. घरी वहिनीला काय सांगू?

सोनचाफा | शुक्रवार, रात्री 11:20

दोन्ही ठेवा. सुरुवातीच्या यादीत विंडोजच्याच दोन नोंदी करता येतात, विंडोज एकच, डिस्क तीच.

ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये: बीसीडीएडिट, मग /कॉपी, महिरपी कंसात करंट, /डी आणि अवतरणात नाव, समजा 'पत्रिका'. तो तुम्हाला महिरपी कंसात एक लांबलचक ओळख देईल, ती कॉपी करा. मग बीसीडीएडिट, /सेट, ती ओळख, हायपरव्हायझरलाँचटाइप, ऑफ. नाव आणि ओळख सोडून सगळं इंग्रजीत, मधे एकेक जागा सोडून. करंटच्या ऐवजी नव्या नोंदीची ओळख घालायची, एवढं सांभाळा, नाहीतर पुतण्याचं बंद होईल.

यापुढे मशीन सुरू होताना दोन नावं येतील. 'पत्रिका' निवडली की हायपर-व्ही उठणार नाही, कासव जाईल. पुतण्या नेहमीची निवडेल. बदलायचं तर रीस्टार्ट लागेल, तेवढं घरात वाटून घ्या.

आणि एक्सपीला एकच प्रोसेसर द्या. चार आहेत म्हणून चार देऊ नका. अण्णांनी वर सांगितलेला 'युनिप्रोसेसर' पाया तुमच्या एक्सपीतही असणार, आणि पेजमेकर 2001 चं, त्याला दुसऱ्या कोअरशी काय करायचं तेच कळत नाही. एक्सपीचं नेटवर्कही बंद ठेवा. 2014 मध्ये त्याचे सुरक्षा अपडेट थांबलेत. फाइली शेअर्ड फोल्डरने द्या-घ्या.

छापखानेवाला | शनिवार, सकाळी 10:10

कासव गेलं! एक्सपी वाऱ्यासारखं. पुतण्याचंही चालतंय. ताई, भारतात आलात की कराडला या, घरातल्या कार्याच्या पत्रिका माझ्याकडून फुकट.

पुस्तकी किडा | शनिवार, सकाळी 11:00

छान धागा. एक शंका. मीही जी 620 वरून आय 5 वर आलो. वाचलं की याच्यात एईएस (कुलूपबंदी जलद करणाऱ्या सूचना) आणि एव्हीएक्स (एकदम जास्त आकडेमोड करणाऱ्या सूचना) आहे, जुन्यात नव्हतं. व्हेराक्रिप्टने डिस्क कुलूपबंद केलीय. एईएस कुठून चालू करायचं? बायोसमध्ये सापडत नाही.

कोअरकमिटी | शनिवार, दुपारी 12:05

कुलूपच नाही त्याला. व्हेराक्रिप्टच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स उघडा, 'प्रोसेसर सपोर्ट्स हार्डवेअर ॲक्सिलरेशन फॉर एईएस' समोर 'येस' आलं असेल तर तो वापरतोच आहे.

एव्हीएक्सचं थोडं वेगळं. त्याची रजिस्टरं मोठी, ती जपून ठेवायला ऑपरेटिंग सिस्टिमला शिकावं लागतं. विंडोज 7 ते सर्व्हिस पॅक 1 पासून शिकलं, लिनक्स 2.6.30 पासून. विंडोज 10 वर काळजी नको. एव्हीएक्स 2 मात्र यात नाही, ते चौथ्या पिढीपासून, 2013 पासून आलं. कुठलाही पर्याय फिरवून ते येणार नाही.

टर्मिनलवेडा | शनिवार, दुपारी 12:40

याला जोडून: लिनक्सवाल्यांनी एलडी-लिनक्स ची हेल्प चालवून बघावी, खाली एक्स 86-64-व्ही 2, व्ही 3 असे चिपच्या क्षमतेचे स्तर येतात आणि समोर 'सपोर्टेड'. तिसरी पिढी व्ही 2 वर थांबते. रेड हॅट एंटरप्राइज 9 ला व्ही 2 पुरतं, 10 ला व्ही 3 लागतं. डिस्ट्रो निवडताना हे बघा.

पुस्तकी किडा | शनिवार, दुपारी 1:15

धन्स. आणि विंडोज 11?

कोअरकमिटी | शनिवार, दुपारी 1:20

इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. अधिकृतपणे नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हे लक्षात ठेवून बँकेची कामं त्यावर करा किंवा करू नका.

टर्मिनलवेडा | शनिवार, दुपारी 1:22

मी काही बोलत नाही.

छापखानेवाला | मंगळवार, सकाळी 9:15

मंडळी, परत मीच. शनिवारी दुपारी दुकान बंद करून साताऱ्याला मेहुण्याकडे गेलो. दोन दिवस जाणार म्हणून या वेळी मेन स्विच काढला, एरवी काढत नाही. आज चालू केलं तर निळा पडदा, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. तीनदा तेच. डिस्क गेली का? पुतण्याने या वेळी काहीही केलेलं नाही, त्याने देवाशपथ सांगितलंय.

अण्णा मिरजकर | मंगळवार, सकाळी 9:22

बायोसमध्ये जा. तारीख काय दाखवतंय?

छापखानेवाला | मंगळवार, सकाळी 9:31

1 जानेवारी 2012.

अण्णा मिरजकर | मंगळवार, सकाळी 9:36

आता हा पेशंट माझा. म्युनिकवाल्यांनी जरा बाजूला बसा.

डिस्क ठणठणीत आहे. बोर्डावरचा सेल मेला, गोल नाण्यासारखा, सीआर 2032. बायोसच्या सेटिंग्ज त्याच्या जिवावर राहतात. मेन स्विच चालू असतो तोवर बोर्डाला पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते, म्हणून मेलेला सेलही कळत नाही. तुम्ही तेरा-चौदा वर्षांत पहिल्यांदा इतका वेळ स्विच काढलात आणि तो उघडा पडला. सगळं मूळपदावर गेलं: तारीख गेली, व्हर्च्युअलायझेशन गेलं, आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय वरून जुन्या आयडीईवर गेला. विंडोज एएचसीआय वर बसलेलं, त्याला आपली डिस्कच ओळखू येईना. दुरुस्तीवाल्याने अपडेटनंतर साटा आठवणीने परत लावला होता, तुमचं व्हीटी मात्र विसरला.

सेल बदला. मेन स्विच काढून, जुना ज्या बाजूने वर होता तीच बाजू वर ठेवून. नखाने खटका दाबला की उडी मारून बाहेर येतो. मग साटा मोड एएचसीआय, व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड, तारीख आजची, सेव्ह. तारीख विसरू नका, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटवर बोंब मारेल.

छापखानेवाला | मंगळवार, सकाळी 11:50

घड्याळजीकडून चाळीस रुपयांचा सेल आणला. सगळं लागलं. मेन स्विच काढून अर्धा तास मुद्दाम थांबलो, परत चालू केलं. तारीख आजची, यादीत दोन नावं, कासव नाही. बायोसच्या तिन्ही सेटिंग्ज कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवल्यात.

पहिली पत्रिका आत्ता छापायला टाकली. जाता जाता एक: पेजमेकरमधला जुन्या फॉण्टचा मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा सोपा मार्ग कोणाला माहीत आहे का? जोडाक्षरं फुटतात.

टर्मिनलवेडा | मंगळवार, सकाळी 11:53

त्यासाठी लिनक्सवर

व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी 11:58

फॉण्टसाठी नवा धागा काढा, कृपया. टर्मिनलवेडा, वाक्य तिकडे पूर्ण करा.